लघवीवरचा ताबा आणि आपला संकोच

डोंबिवलीत दवाखाना चालवताना एक गोष्ट वारंवार दिसते. साठी ओलांडलेल्या स्त्रिया गुडघ्यांविषयी, साखरेविषयी, झोपेविषयी सविस्तर बोलतात; मग दारापर्यंत जाऊन थांबतात आणि हलक्या आवाजात विचारतात, "डॉक्टर, खोकलं की थोडी लघवी होते, त्याला काही गोळी आहे का?" कित्येकदा हा प्रश्न सासूबाई बाहेर गेल्यावर सूनच विचारते.

वाचकहो, आपल्या घरातील वडीलधारी व्यक्ती हल्ली लग्नकार्याला जायला नको म्हणत असेल, कल्याणहून ठाण्याला लेकीकडे जाणे टाळत असेल, बाहेर पडण्याआधी चहादेखील नाकारत असेल, तर 'आता उत्साह राहिला नाही' एवढ्यावर समाधान मानू नका.

ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे ताणलेले स्नायू असतात. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना ते पेलून धरतात. बाळंतपणे, रजोनिवृत्ती, जुना बद्धकोष्ठ, सततचा खोकला, वाढलेले वजन यांमुळे ही झोळी सैल पडते. पुरुषांनाही प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर असा त्रास होतो. या स्नायूंचा व्यायाम अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी 1948 साली मांडला. आज खोकताना, शिंकताना निसटणाऱ्या लघवीवर पहिला उपचार तोच मानला जातो. वारा रोखताना जे स्नायू आवळतात तेच आवळायचे, काही क्षण धरायचे आणि पूर्ण सैल सोडायचे. एका वेळी किमान 8 वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. श्वास रोखू नये, आणि लघवी करताना मध्येच धार अडवून सराव करू नये. 'हा तर आमचा मूलबंध,' असे योगवर्गाला जाणारे आजोबा मला सांगतात. साम्य आहे खरे. परंतु नेमका स्नायू आवळला जातो की नुसते पोट आणि मांड्या, हे तपासणाऱ्यालाच कळते.

शिवाय व्यायाम हा उपचाराचा एक भागच. माझ्या एका बहात्तर वर्षांच्या रुग्णाने उभी हयात डोंबिवलीहून फोर्टच्या कचेरीत लोकलने जाण्यात घालवली. वाटेत स्वच्छतागृहाची खात्री नाही, म्हणून पाणीच कमी प्यायचे, ही त्या काळची सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. (मुंबईत स्त्रियांसाठी 'राइट टू पी' चळवळ उभी राहिली ती 2011 साली, तोवर यांची नोकरी संपत आली होती.) पाणी कमी, म्हणून लघवी दाट आणि मूत्राशयाला चुरचुरणारी, शौचाला खडा, म्हणून रोज कुंथणे, गुडघे आखडलेले, म्हणून न्हाणीघर गाठेपर्यंत उशीर. रक्तदाबासाठी दिलेली लघवी वाढवणारी गोळी त्या रात्री घेत. मुलाने डायपर आणून ठेवले होते. मायेनेच आणले, पण त्या दिवसापासून बाईंनी देवळात जाणे सोडले.

गोळी आम्ही सकाळी घ्यायला लावली. कमोडवर बसताना पायांखाली छोटा पाट ठेवला, पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्रीचा दिवा लावला. लघवीच्या घाईत अंधारात पडून खुब्याचे हाड मोडलेले वृद्ध मी पाहिले आहेत; मला तीच धास्ती अधिक होती. फिजिओथेरपिस्टने तळाच्या स्नायूंसोबत गुडघे आणि उठण्याबसण्याची पद्धतही हाती घेतली. खोकला येण्याआधी स्नायू आवळून धरायला शिकवले. तीन महिन्यांनी त्रास संपला नाही. पुष्कळ कमी झाला. त्या पुन्हा देवळात जाऊ लागल्या.

काहींचे स्नायू मात्र सैल नसतात, सतत आवळलेले असतात. ओटीपोट दुखते, लघवी अडखळत होते. त्यांना आधी सैल सोडणे शिकावे लागते; ऐकीव केगेल त्यांचा त्रास वाढवू शकतो. म्हणून तपासणी हवी. स्त्री फिजिओथेरपिस्ट मागण्याचा, आतून तपासणी नाकारण्याचा अधिकार आपल्याला आहे. लघवीत रक्त, ताप, अंग बाहेर आल्यासारखे वाटणे ही लक्षणे असतील तर आधी डॉक्टरांकडे जा. लघवी अचानक तुंबली, किंवा ताबा एकाएकी जाऊन पाय वा बैठकीची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

काळजीवाहकांनी तीन दिवस एका वहीत लिहावे: किती पाणी, किती चहा, लघवी केव्हा, निसटली तेव्हा काय चालले होते. पहिल्या भेटीला ती वही आणि चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्या.