पुरणात मीठ न

बाइंडरने पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं आणि मी ते दुकानातच उघडून पाहिलं नाही, ही चूक माझी. ही कबुली आधीच देऊन टाकतो, कारण पुढे मी त्याच्याबद्दल बरंच बोलणार आहे.

पुस्तक म्हणजे आईची ‘रुचिरा’. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक आलं 1970 साली, आमची प्रत त्यानंतर काही वर्षांनी घेतलेली. पाठ सुटली होती, पानं हातात यायला लागली होती. आई जाऊन सहा वर्षं झाली. घरात स्वयंपाक मी करतो. बायको ऑफिसला जाते आणि मी घरी बसून भाषांतरं करतो, तेव्हा गॅसजवळ कोण उभं राहणार याचा निकाल केव्हाच लागला आहे.

2024चा श्रावण सोमवारीच लागला. संध्याकाळी मुगाची खिचडी कुकरला लावली आणि शिट्ट्या मोजत पुडकं सोडलं. लाल रेक्झिन, जुजबंदीची घट्ट शिलाई, खळीचा ओलसर वास. तिन्ही कडा अशा सरळ की बोट फिरवावं. फिरवलं, आणि मग पान उलटलं.

आई समासात लिहायची. पेन्सिलने, बॉलपेनने, हाताला येईल त्याने. कटिंग मशीनखाली पुस्तक घालून त्याने समासाची बोटभर पट्टी उडवली होती. उजव्या पानांवरच्या ओळींचं शेपूट गेलं, डाव्या पानांवरच्या ओळींचं डोकं. एका डाव्या पानावर उरलं होतं ‘ली वाटी मोठी’. हे मला माहीत होतं. कमलाबाईंनी मापं वाटी-चमच्याने दिली म्हणून घराघरांतल्या नव्या सुना तरल्या. पण आमची वाटी आजीच्या काळातली, पितळेची, चांगली ऐसपैस. पहिलं वर्षभर आईचं सगळंच उतू जायचं. मग तिने लिहून ठेवलं, ‘आपली वाटी मोठी’.

बाकीचं काय काय होतं? आठवेना. पन्नास वर्षं ते पुस्तक घरात होतं आणि मी त्या ओळी कधी नीट वाचल्याच नव्हत्या. तेवढ्यात जळका वास आला. खिचडी खाली लागली होती.

मंगळवारी दुकान उघडायच्या आधी मी पायरीवर हजर. बाइंडर सत्तरीचा, हाताची नखं खळीने पांढरी. त्याने पुस्तक हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि त्याला माझी तक्रारच कळेना.

“साहेब, कडा तेलाने गेल्या होत्या. तुकडे पडत होते. स्वच्छ करून दिलं.”

“काका, त्यावर लिहिलेलं होतं.”

“छापलेल्यातलं एक अक्षर गेलं असेल तर दाखवा.”

खरंच नव्हतं गेलं. छापील मजकूर शाबूत होता. त्याच्या लेखी पुस्तक म्हणजे तेवढंच, आणि चाळीस-पन्नास वर्षं तो त्याच प्रामाणिकपणे पुस्तकं कापत आला होता. मला संताप याच गोष्टीचा येतो. हलगर्जीपणा असता तर चार शब्द सुनावता आले असते. इथे माणसाने काम चांगलं केलं होतं. खळीत मोरचूद घातलाय, कसर लागणार नाही, हेही त्याने मला वर सांगितलं.

“कापलेलं कुठे जातं?”

त्याने मागच्या पोत्याकडे बोट दाखवलं. दोन पोती. रद्दीवाला बुधवारी येणार होता.

मी खाली बसलो. दहावीची गाइडं, लग्नपत्रिका, कुठल्या तरी सोसायटीची जमाखर्चाची वही, या सगळ्यांच्या पट्ट्या एकात एक गुंतून शेवयांसारख्या झालेल्या. पावसाने पोत्याचा तळ ओला, तिथला लगदा. पहिला अर्धा तास मी डोळ्यांनी शोधत होतो, म्हणजे काहीच सापडत नव्हतं. मग एक पट्टी नाकाशी धरली. हिंग. तेल. त्यानंतर मी वासावर गेलो. आमच्या पट्ट्या बोटाला किंचित चिकट लागायच्या आणि उजेडात धरल्या की डागाच्या जागी कागद आरपार दिसायचा. बाइंडरने आधी दुर्लक्ष केलं, मग स्टूल दिलं, मग चहा सांगितला. शेवटी तोही समोर उकिडवा बसला आणि एकेक पट्टी हुंगून “ही तुमची नाही” म्हणत बाजूला टाकायला लागला. दुपारी एकपर्यंत अकरा पट्ट्या मिळाल्या. पट्टीवर काय? ‘को’, ‘रून’, ‘दा तास’, ‘सूबाईंना आवड’. एका पट्टीवर हळदीचं बोट उमटलेलं, आख्खं, रेषांसकट.

मला हवी होती ती पट्टी त्यात नव्हती.

पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर आईने आपली नागपंचमीची दिंडं लिहिली होती. डाळ, गूळ, वेलदोडा, सगळं ठीक. शेवटची ओळ अशी: ‘पुरणात मीठ न’. पुढे कापलेलं. नखभर, की नको? आणि नागपंचमी शुक्रवारी.

बुधवारी अळूचं फदफदं केलं. हाताला खाज सुटली म्हणून भाषांतराला बसलो नाही, असं प्रकाशकाला कळवलं. खरं म्हणजे ‘स्मृतिचित्रे’ काढून वाचत पडलो होतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या वडिलांच्या सोवळ्याचा भाग वाचला की माझं स्वयंपाकघरातलं कुठलंही दुखणं हलकं होतं. यावेळी झालं नाही. संध्याकाळी कपाट लावताना सुचलेलं एक: लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ 1910 सालचं, आणि पुढे ‘खमंग’ लिहिणाऱ्या दुर्गाबाई भागवतांचा जन्मही त्याच सालचा. याचा माझ्या गोष्टीशी काही संबंध नाही. पण हजार कृतींच्या पुस्तकाच्या समासात शंभर वर्षांपूर्वी कुणी काय लिहिलं असेल, हे डोक्यातून जाईना. आताच्या पाककृतींच्या पुस्तकांना समासच नसतो. गुळगुळीत कागद, पानभर फोटो, त्यावर पेन्सिल उठत नाही. आणि मोबाइलवर कृती बघणाऱ्याने ‘मीठ कमी’ कुठे लिहायचं? जुनं पुस्तक बांधायला देणार असाल तर आधी पानापानाचे फोटो काढा, आणि ‘कापू नये’ हे तोंडी न सांगता चिठ्ठी डकवा. बुद्धी मला उशिरा सुचली म्हणून तुम्हाला देतो.

गुरुवारी ताईला साताऱ्याला फोन लावला.

“नखभर,” ती म्हणाली. “गोडात मीठ लागतंच.”

बायको म्हणाली, “नको. मी त्यांच्या हाताखाली नऊ नागपंचम्या काढल्यात. मीठ पारीत असायचं, पुरणात नाही. म्हणून तर लिहिलं असेल.”

ताईला हे सांगितलं. ती जरा थांबली आणि म्हणाली, “अरे, ते शेवटचं पान शाईचं आहे ना? निळ्या? मग ते आईने सांगितलंय आणि मी लिहिलंय. मॅट्रिकला होते मी.”

“मग तुला आठवायला हवं!”

“पन्नास वर्षं झाली रे.”

म्हणजे ज्या अक्षरासाठी मी पोत्यात बसलो ते आईचं नव्हतंच. मला हसू यायला हवं होतं. उलट मी ताईवरच चिडलो, काय म्हणून ते अजून सांगता येत नाही.

शुक्रवारी नागपंचमी आणि जिवतीचा पहिला शुक्रवार एकत्र. आमच्याकडे त्या दिवशी चिरत नाहीत, कापत नाहीत, तवा चढत नाही. विळी आदल्या रात्रीच भिंतीकडे तोंड करून ठेवली. डाळ शिजवून कट काढला, गूळ घालून पुरण उलथणं उभं राहीपर्यंत आटवलं आणि दोन भांड्यांत वाटलं. एकात नखभर मीठ, एकात नाही. कणकेच्या पुऱ्या लाटून, मधे पुरण ठेवून चारी बाजूंनी चौकोनी घड्या घातल्या, हळदीच्या पानावर मांडून पंधरा मिनिटं वाफवल्या. ओळख राहावी म्हणून मिठाच्या दिंडांना वर बोटाने खळगा पाडला. वाफेने फुगून सगळ्यांचे खळगे बुजले.

ताई दुपारच्या एसटीने आली. तूप ओतून तिने दोन खाल्ली, मग तिसरं घेतलं.

“बरोबर आहेत?” मी विचारलं.

“छान आहेत. आईची अशी नसायची. तिची कडेला कोरडी पडायची, बाबा दुधात कुस्करून खायचे.” आणि मग, “हे मिठाचं होतं का?”

ते आता मलाही सांगता येत नव्हतं.

शनिवारी ‘स्मृतिचित्रे’ पिशवीत घातली. तिचीही पाठ सुटत आली आहे. बायको म्हणाली, “पुन्हा त्याच्याकडेच?” दुसरा कोण जुजबंदी करतो? पहिल्या पानावर चिठ्ठी लावली होती. बाइंडरने ती वाचली, पुस्तक उघडून एकेक समास निरखून पाहिला आणि मान वर केली.

“साहेब, यात तर कुणीच काही लिहिलेलं नाही.”

“तरी कापू नका,” मी म्हणालो.