रातकिड्याची पट्टी

कानाच्या डॉक्टरांनी काढलेला आलेख माझ्या टेबलाच्या खणात आहे. दोन हजार हर्ट्‌झपर्यंत रेघ ठीक चालते, चार हजारांशी खाली वळते आणि पुढे घसरतच जाते. साठीनंतर बहुतेकांचं असंच होतं, असं ते म्हणाले. पण मी आयुष्यभर जुन्या कॅसेटींवरची गाणी उतरवून घेत आलो, आणि त्या कामातला माझा सगळ्यांत विश्वासू साक्षीदार नेमका त्या चार-पाच हजारांत राहतो. तो म्हणजे रातकिडा.

डहाणू-तलासरीकडे वारल्यांच्या लग्नात सवाशिणी भिंतीवर चौक लिहितात तेव्हा धवलेरी, म्हणजे लग्नविधीची गाणी म्हणणारी बाई, गात असते. गाणं तासन्‌तास चालतं. माझ्याकडे आलेल्या बऱ्याचशा फिती वीज न पोचलेल्या पाड्यांवर, सेलवर चालणाऱ्या रेकॉर्डरने घेतलेल्या आहेत. सेल उतरायला लागला की मोटर काही काळ तग धरते, मग मंदावते. फीत सावकाश सरकते, आणि इथे आम्ही ती योग्य वेगाने वाजवली की आवाज चढा लागतो. कॅसेटचा वेग सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर. तो सहा टक्क्यांनी घटला की पांढरी चारची काळी तीन होते.

एवढंच असतं तर काम सोपं होतं. पण धवलेरीही चढते. गाणं रंगात आलं, मागच्या बायांनी जोर धरला की ती आपसूक वर जाते. मध्ये चहाला थांबले की सेलमध्ये पुन्हा थोडा जीव येतो आणि पट्टी उतरते. दम घेऊन बसलेली बाईसुद्धा पुढचं गाणं खालूनच उचलते. दोन्हींची चाल एकच. त्यात सेलचं किती आणि बाईचं किती? या प्रश्नाने माझी निम्मी नोकरी खाल्ली. चुकून बाईचंच चढणं 'दुरुस्त' केलं तर तिच्या गाण्यातली रात्रच काढून टाकल्यासारखं होईल.

वीज असती तर पन्नास हर्ट्‌झची घरघर फितीत शिरली असती आणि तिच्यावरून वेग मोजता आला असता. शंभर वर्षांपूर्वी बर्लिनच्या फोनोग्राम संग्रहासाठी मेणाच्या नळकांड्यांवर गाणी घेणारे लोक त्यांवर पट्टीची शिट्टी फुंकून ठेवत. एवढ्या फिती माझ्या हातांखालून गेल्या, पण तशी शिट्टी एकीवरही मिळाली नाही, याचा मला आजही राग येतो.

म्हणून रातकिडा. रात्र गार होत जाते तशी त्याच्या किरकिरीची लय मंदावते. सूर फारसा हलत नाही, हलला तर खालीच. तो सूर फितीवर वर सरकत गेला तर ते सेलचं काम. किडा जागच्या जागी आणि बाई वर, तर ते तिचं गाणं आहे. त्याला हात लावायचा नाही.

आणि हाच किडा आजकालचे लोक सगळ्यांत आधी मारतात. कॉम्प्युटरवर 'नॉइज' काढायचं बटण दाबलं की किडा गेला, बांगड्या गेल्या, कडेवरचं पोर गेलं. ऐकणारे म्हणतात, किती स्वच्छ! मला त्या स्वच्छतेची चीड येते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या प्रयत्नांतून लाखावर जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या. त्यांतल्या ध्वनिमुद्रित ओव्यांमधून जात्याची घरघर गाळली तर बाईच्या हाताची लय कुठे शोधायची? मूळ प्रत आहे तशी, चोवीस बिट आणि शहाण्णव किलोहर्ट्‌झला उतरवायची आणि तिला पुन्हा शिवायचं नाही, हा दंडक जगभरच्या ध्वनिसंग्रहांनी काही उगाच घालून घेतलेला नाही.

मला माझ्या कानाचा गर्व होता. डेकचं हेड केसभर तिरकं असलं तरी मला कळायचं. बारका स्क्रू फिरवत मी आवाज उघडायचो आणि भोवती उभी असलेली माणसं गप्प व्हायची. ते गप्प होणं मला फार आवडायचं. नोंदपत्रावर 'पट्टी निश्चित केली' यापुढे स्वतःचं नाव लिहिताना अक्षर आपोआप वळणदार यायचं. पडद्यावर आलेख पाहून काम करणाऱ्यांना मी कमी लेखलं. हेड नीट जुळलं नाही तर किडा पडद्यावरही पुसटच उमटतो, हे माझं उत्तर ठरलेलं. अजूनही ते खरंच आहे. फक्त तो स्क्रू आता मी फिरवू शकत नाही.

तो आता तलासरीकडची एक वारली मुलगी फिरवते. एका फितीच्या दुसऱ्या बाजूला ती थांबली आणि म्हणाली, "सर, हा तो किडा नाही. पहिला गप्प झालाय, हा दुसरा आहे." मला तिथे काहीच ऐकू येत नव्हतं. मी मान डोलावली आणि आतून जळलो.

मग तिने त्याच रात्रीचे फोटो मागितले. पाकिटावर 'वारली स्त्रिया, लग्न' एवढंच. निगेटिव्हच्या पट्ट्या तिने फ्रेमच्या आकड्यांप्रमाणे लावल्या आणि भिंगाखाली धरल्या. पेट्रोमॅक्स आहे, रेकॉर्डर आहे, वायर मात्र कुठेच नाही. पुढच्या फ्रेममध्ये बायांच्या हातांत कप. त्याच्याही पुढे रेकॉर्डरसमोर दुसरीच बाई बसलेली. म्हणजे चहानंतर किडाच नाही, गाणारीसुद्धा बदलली होती. प्रिंट घेऊन ती पाड्यावर गेली आणि दोघींची नावं घेऊन आली. एका घरच्यांनी सांगितलं, फोटो ठेवा, पण इंटरनेटवर नको. तशी नोंद पाकिटावर झाली आहे. 'वारली स्त्रिया' खोडून दोन नावं लिहिलेली पाहिली तेव्हा, हे काम आपल्या हातून व्हायला हवं होतं, असंच आधी मनात आलं.

त्या दुसऱ्या बाजूवर आमचं एकमत झालेलं नाही. तिच्या मते वेग चार टक्के घटलेला आहे, माझ्या मते साडेपाच. तिचा आधार नवा किडा. माझा आधार गळ्याचा पोत, कारण बाई नुसती वर गेली तर 'आ' तसाच राहतो, फीत मंदावली असेल तर 'आ'सुद्धा लहान होतो. मूळ फाइलशेजारी दोन्ही फाइली ठेवल्या आहेत, ज्याच्या-त्याच्या नावाने. मला अजून माझाच आकडा बरोबर वाटतो. दुसऱ्या बाईची मुलगी आता लग्नांत गाते. येत्या लग्नसराईत आमची ही मुलगी तिचं गाणं घ्यायला जाणार आहे. त्याने वाद मिटणार नाही, गळा वेगळा आहे; पण सुरुवातीला शिट्टी फुंकायची, हे मी तिच्याकडून कबूल करून घेतलं आहे.