डाव्या घोट्याचं मौन

कंबरेतून निघालेली कळ डाव्या पोटरीत उतरायला लागली, तेव्हा शेक, मालिश, गोळ्या सगळं करून झालं. शेवटी न्यूरॉलॉजिस्टकडे गेले. कुठे दुखतं, कसं दुखतं, सगळं सविस्तर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि रबरी हातोडी उचलली.

पाय लोंबते सोडून टेबलाच्या कडेवर बसले. गुडघ्याच्या वाटीखाली टक् झालं. पाय ढिम्म.

“ताई, पाय सैल सोडा.”

सैल सोडा म्हटलं की तो आणखीच ताठतो.

“बरं, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवा आणि जोरात ओढा.” मी ओढतेय तोवर हातोडी पडली आणि पाय असा उडाला, की मलाच हसू फुटलं.

एर्ब आणि वेस्टफाल या जर्मन डॉक्टरांनी १८७५मध्ये वर्णन केलेली ही गुडघ्याची तपासणी आजही तशीच चालते. टकटकीने मांडीचा स्नायू जरासा ताणला जातो. ताणाची खबर मेरुरज्जूत पोचते आणि तिथूनच ‘आखड’ असा हुकूम सुटतो. त्याच वेळी मांडीमागच्या स्नायूला ढिलं पडायला सांगितलं जातं. सेकंदाच्या पन्नासाव्या भागात स्नायू कामाला लागलेला असतो. मेंदूला कळतं ते मागाहून.

मग टाचेच्या वरची जाड शीर. उजवं पाऊल खाली झुकलं. डावं हललंच नाही. बोटं ओढून पाहिली, खुर्चीवर गुडघे टेकून पाहिलं, तरी नाही. डाव्या पायाच्या चवड्यावर उभं राहायला सांगितलं, तर टाच उचलेना.

“एस-वन नस,” ते म्हणाले. “मेंदूकडून येणाऱ्या वाटेत बिघाड असता तर पाय उलट जास्तच उडाला असता. मेंदूचा लगाम सुटतो ना! इथे मणक्याजवळ नसच दाबली गेलीय.”

एमआरआयमध्ये कंबरेचा शेवटचा मणका आणि माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड यांच्यामधली चकती डावीकडे सरकलेली दिसली. माझ्या सविस्तर वर्णनातून जो पत्ता लागला नव्हता, तो घोट्याने न बोलता दिला होता.

व्यायामाने दुखणं गेलं, टाचही उचलायला लागली. घोट्याचा जर्क मात्र परतला नाही. पुष्कळदा परतत नाही म्हणे, आणि त्यावाचून चालायचं काही अडत नाही. नव्या डॉक्टरांनी हातोडी काढली, की मी आधीच सांगून टाकते, “डाव्या घोट्याचं जुनं आहे. त्यावरून नवीन काही काढू नका.”