मागचे फेरफार

गेले काही महिने आमच्या ब्रॅम्प्टनच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक प्रश्न फिरतोय. "आपलं घर जाणार का?"

निमित्त आहे ब्रिटिश कोलंबियातल्या एका निकालाचं. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं रिचमंड शहरातल्या काही जमिनीवर काउइचन या मूळ रहिवासी लोकांचा हक्क मान्य केला. त्यांनी खाजगी मालकांची घरं परत मागितलेली नव्हती आणि निकालावर अपीलही झालंय. पण फॉरवर्डमध्ये एवढं कोण वाचतंय? तिथून गाडी घसरली ती थेट इथवर : "दोनशे वर्षांपूर्वी इथं जंगल होतं. गोऱ्यांनी घाम गाळून जमीन केली, आपण पैसे मोजून घर घेतलं. यांचा आता काय संबंध?"

या "काय संबंध" वर मला लिहायचंय. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगतो.

दोन वर्षांपूर्वी आबा, म्हणजे माझे वडील, इथं आले होते. आमचं गाव इंदापूर तालुक्यातलं. आबांचं निम्मं आयुष्य शेतात आणि उरलेलं तलाठी कार्यालयाच्या पायरीवर गेलं. घर पाहून झालं, बेसमेंट पाहून झालं आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "कागदं दाव."

मी आमच्या सबडिव्हिजनचा प्लॅन काढून दिला. त्यावर आमच्या प्लॉटच्या नंबरशिवाय वर एक ओळ आहे : लॉट अमुक, कन्सेशन तमुक, हुरॉन्टारियो स्ट्रीटच्या पश्चिमेला, टाउनशिप चिंगकूझी. त्या नावाची टाउनशिप १९७४ पासून अस्तित्वात नाही. तिचा दक्षिण भाग ब्रॅम्प्टनमध्ये आला, उत्तर भाग कॅलेडनमध्ये गेला. कागदावर मात्र ती अजून जिवंत आहे.

आबा म्हणाले, "हा झाला गट नंबर. मागचं फेरफार कुठंयत?"

इथल्या जमिनीची जुनी नोंदवही आता ऑनलाइन बघता येते. आम्ही दोघं बसलो. बिल्डर, त्याच्या आधी शेतकरी, त्याच्या आधी त्याचा बाप, असं करत करत पहिल्या ओळीशी पोचलो. तिथं लिहिलेलं असतं "पेटंट", देणारा "क्राउन". म्हणजे राजाकडून पहिल्या माणसाला. त्याच्या वर काही नाही.

आबांनी चष्मा काढला. "आन् राजाकडं कुनाकडनं आली?"

या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. नंतर शोधलं ते असं.

२८ ऑक्टोबर १८१८ ला मिसिसागा लोकांचा प्रमुख अजेटन्स आणि इतर प्रमुखांनी इंग्रजांशी करार केला. सरकारच्या वतीनं विल्यम क्लॉज नावाचा अधिकारी होता. कराराचा नंबर १९. जमीन ६,४८,००० एकर. मोबदला म्हणजे दरवर्षी ५२२ पौंड १० शिलिंग किमतीचा माल. आजचं ब्रॅम्प्टन, मिल्टन, जॉर्जटाउन हे सगळं त्यातच आलं. तोवर रोगराईनं मिसिसागांची संख्या खूप घटली होती आणि नदीकाठी गोऱ्यांची गर्दी वाढून शिकार-मासेमारी अवघड झाली होती. नाही म्हणायची ताकद कितीशी उरली असेल, तुम्हीच ठरवा.

ब्रिटिश कोलंबियात बहुतेक ठिकाणी असे करारच झालेले नाहीत, म्हणून तिथला खटला वेगळा. आपल्या इथं करार आहे. त्यामुळे ग्रुपवरच्या मूळ प्रश्नाचं माझं उत्तर : रिचमंडच्या निकालानं ब्रॅम्प्टनमधलं तुमचं घर जात नाही, निवांत झोपा. पण संबंध आहे, आणि तो पुढे वाचल्यावर कळेल.

करारानंतर लगोलग मोजणीदार आले. चिंगकूझीची मोजणी रिचर्ड ब्रिस्टलनं केली. मोजणीत भागीदार असलेल्या टिमथी स्ट्रीटला मेहनतान्यापोटी जमीनच मिळाली. आजचं स्ट्रीट्सव्हिल त्याच्याच नावाचं. हत्यार एकच, गंटरची साखळी. लांबी ६६ फूट, १०० कड्या. दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर. लॉट ३० साखळ्या रुंद आणि साडेसहासष्टच्या किंचित वर लांब, म्हणजे २०० एकर. त्याचे दोन भाग करून १००-१०० एकर द्यायचे. मधे रस्त्यासाठी एक साखळी, ६६ फूट. तुम्ही रोज मॅक्लॉफ्लिन, चिंगकूझी रोड, केनेडी, डिक्सी असे समांतर रस्ते ओलांडता ना? ती साखळीनं ओढलेली रेघ आहे. मधे ओढा येवो, दलदल येवो, रेघ सरळ.

हे आबांना सांगितलं तर ते हसायलाच लागले. "अरे, आपला गुंठा ३३ बाय ३३ फुटांचा!"

खरंच की. ३३ म्हणजे ६६ चं निम्मं. ४० गुंठ्यांचा एकर होतो तो त्यामुळेच. आमच्याच इंदापुरात १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी जी मोजणी बसवली, तिच्यातूनच मुंबई इलाख्याची सगळी जमीनमोजणी उभी राहिली. साखळी त्याच घराण्यातली.

पण एक फरक आहे. इंदापुरात साहेबानं बांध पाहिला, शेत कोण कसतंय ते विचारलं आणि कसणाऱ्याचं नाव लिहून त्यावर सारा बसवला. साऱ्यासाठी का होईना, जमिनीवर माणूस आहे हे कागदानं मान्य केलं. इथं जमिनीवर कोणीच नाही असं धरून चौकोन आखले आणि मग चौकोनात माणसं भरली.

आता "घाम गाळला" याबद्दल. गाळला, यात शंका नाही. जमीन मिळालेल्या माणसाला आधी नुसतं तिकीट मिळायचं. पेटंट, म्हणजे पक्का कागद, हवा असेल तर अटी होत्या : पाच एकर साफ करून कुंपण घालायचं, १६ बाय २० फुटांचं घर बांधायचं आणि पुढच्या रस्त्याचा आपल्या बाजूचा अर्धा भाग मोकळा करायचा. कुऱ्हाड आणि बैल घेऊन ते अजस्र वृक्ष पाडणं, बुंधे जाळणं, बुंध्यांच्या मधून गहू पेरणं हे ज्यांनी केलं, त्यांच्यापुढे मी हात जोडतो. माझे आजोबा असते तर त्यांनीही जोडले असते.

पण जमीन वाटली गेली ती सगळी घामावर नाही. १७९१ च्या कायद्यानं एक सप्तमांशाइतकी जमीन चर्चसाठी बाजूला काढली. आणखी एक सप्तमांश राजासाठी. हे तुकडे मुद्दाम बुद्धिबळाच्या पटासारखे मधे मधे पेरलेले. शेजारचा लॉट राखीव, मग तिथला अर्धा रस्ता कोण साफ करणार? लष्करी अधिकाऱ्यांना हजारो एकर, सरकारातल्या मर्जीतल्यांना वेगळं. ही मंडळी जमीन घेऊन नुसती बसायची. आजूबाजूचे राबणार, रस्ता होणार, भाव यांच्या जमिनीचा वाढणार. (ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडे रिंग रोडच्या आधी जमिनी घेणारे असतात, तसंच.)

रॉबर्ट गोर्ले नावाच्या एका स्कॉटिश माणसानं १८१७ मध्ये टाउनशिपांना ३१ प्रश्नांची यादी पाठवली. शेवटचा प्रश्न होता, तुमच्या टाउनशिपची प्रगती कशामुळे अडलीय? शेतकऱ्यांनी लिहून कळवलं : राखीव जमिनी आणि न राबणारे मालक. गोर्लेला बक्षीस काय मिळालं? १८१९ मध्ये हद्दपारी. वीस वर्षांनी, १८३९ मध्ये, लॉर्ड डरहॅमनं आपल्या अहवालात साधारण तेच लिहिलं. मोजलेली जवळजवळ सगळी जमीन वाटून झाली होती, आणि वाटलेल्यातल्या एक दशांशावरही कदाचित कोणी राहायला गेलेलं नव्हतं. चर्चची राखीव जमीन मोडीत निघायला १८५४ उजाडलं.

आता या गोष्टीतला मला सगळ्यात लागलेला भाग.

ऑगस्टस जोन्स हा इथला नावाजलेला मोजणीदार. टोरांटोची यंग स्ट्रीट आखली ती त्यानं. त्याला मिसिसागा प्रमुखाच्या मुलीपासून १८०२ मध्ये मुलगा झाला, पीटर जोन्स. चौदा वर्षांचा होईपर्यंत तो आईकडे, तिच्या लोकांत वाढला. मग बापानं शाळेत घातलं. पुढे तो मेथडिस्ट धर्मोपदेशक झाला आणि मिसिसागांचा प्रमुखही.

दरम्यान मिसिसागांची जमीन आटत चालली होती. १८०५ मध्ये टोरांटोची सुमारे अडीच लाख एकर १० शिलिंगांत पक्की करून घेतली गेली. त्याआधीचा १७८७ चा कागद तर कोरा होता, प्रमुखांच्या खुणा वेगळ्या चिठोऱ्यांवर घेऊन त्याला चिकटवलेल्या. १८१८ चा करार वर सांगितलाच. १८२० मध्ये क्रेडिट नदीकाठचा राखून ठेवलेला पट्टाही गेला, आणि अख्ख्या जमातीसाठी उरली २०० एकर. म्हणजे मोजणीदाराच्या हिशेबानं एक लॉट.

तरीही १८२६ पासून त्यांनी क्रेडिटकाठी गाव वसवलं. लाकडी घरं, शाळा, चर्च, पेरलेली शेतं. नदीच्या मुखाशी बंदर बांधणाऱ्या कंपनीतही त्यांचा मोठा हिस्सा होता. पाच एकर आणि १६ बाय २० च्या घराची जी अट गोऱ्याला होती, ती यांनी कितीतरी पटीनं पुरी केली. मग कागद?

कागद मिळाला नाही. तो मागायला पीटर जोन्स समुद्र ओलांडून गेला आणि १८३८ मध्ये खुद्द व्हिक्टोरिया राणीच्या हाती त्यानं अर्ज दिला. मागणी एवढीच, आम्ही राहतो त्या जमिनीचा पक्का कागद आमच्या नावे करून द्या. लंडनहून बरे शब्द आले, इथल्या सरकारनं कागद काही दिला नाही. ज्याच्या बापानं साखळी ओढून हजारोंना हद्दी आखून दिल्या, त्या मुलाला स्वतःच्या गावाची हद्द कागदावर आणता आली नाही. उद्या कोणीही उठवेल या धास्तीत किती दिवस काढणार? १८४७ मध्ये गाव उठलं. सिक्स नेशन्सच्या लोकांनी आपल्यातली सुमारे ४,८०० एकर देऊ केली, तिथं, हेगर्सव्हिलजवळ ते गेले. क्रेडिटकाठच्या गावाच्या जागी आज गोल्फ क्लब आहे.

२०१० मध्ये कॅनडा सरकारनं टोरांटोच्या खरेदीचा आणि आणखी एका जमिनीचा जुना दावा १४.५ कोटी डॉलर देऊन मिटवला. म्हणजे व्यवहारात खोट होती हे मान्य करायला दोनशे वर्षं लागली.

आमची जमीन मुळात आमची नव्हती. आजोबा कूळ होते. मालक पुण्यात. कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन आला आणि आजोबांना जमीन मिळाली, कारण कधीतरी कुणा तलाठ्यानं त्यांचं नाव कूळ म्हणून सातबाऱ्यावर लिहिलं होतं. शेजारच्या शिवारात तितकंच राबणाऱ्या एकाचं नाव लागलेलं नव्हतं. त्याला काही मिळालं नाही. त्याची मुलं आमच्याकडे मजुरीला यायची. आबा हे नेहमी सांगतात आणि सांगताना त्यांचा आवाज खाली जातो. घाम दोघांचा सारखाच होता.

म्हणून म्हणतो, "काय संबंध" हे निदान आपण म्हणू नये. सातबाऱ्यावर नाव लागलं नाही म्हणजे काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आपल्या गणपतीच्या कार्यक्रमात सुरुवातीला या जमिनीच्या मूळ लोकांबद्दल जी चार वाक्यं वाचतात, तेव्हा निम्मा हॉल मोबाइलमध्ये असतो. मीही असायचो. ती चार वाक्यं म्हणजे नोंदवहीतल्या "पेटंट" च्या वरची, कुणी न लिहिलेली नोंद आहे.

परवा फोनवर आबांना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, "मंग ती मानसं आता कुठं असत्यात?"

म्हटलं, इथून दीडेक तासावर.

"जाऊन आलास का कधी?"

सतरा वर्षं झाली इथं येऊन. नायगारा चौदा वेळा झाला असेल. तिथं एकदाही नाही. दरवर्षी त्यांचा पाऊवाव भरतो, कुणीही जाऊ शकतं. यंदा आबा येतायत, त्यांना घेऊन जाणार आहे. गाडीत दोन जागा आहेत. ग्रुपवर ज्यांनी "काय संबंध" विचारलं होतं, त्यांना आधी.