चार रात्रींचा ताळेबंद

कन्नडात महागाला 'दुबारी' म्हणतात. खानापूरच्या बाजारात आमचे निम्मे बोलणे कन्नडातच होत असल्यामुळे हा शब्द लहानपणापासून कानावर आहे. माझ्या मराठी कानाला तो नेहमी 'दुबार' असाच ऐकू येतो. म्हणजे एकदा दिलेले पैसे पुन्हा एकदा द्यायचे! व्युत्पत्ती भाषेच्या प्राध्यापकांनी पाहावी. मी पडलो वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मालदीवमधल्या एका बेटाचा हिशेब मांडायचे काम माझ्याकडे आले, आणि हा अर्थ फारसा चुकीचा नसावा असे वाटू लागले.

कणकुंबीच्या घरात मालदीवचा हिशेब कशाला, असे कोणी विचारील. आमचे गाव खानापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, चोर्ला घाटाच्या तोंडाशी. मलप्रभा इथे माउलीच्या देवळापाशी उगम पावते आणि पुढे कूडलसंगमला कृष्णेला मिळते, एवढीच आमची भूगोलाच्या पुस्तकातली ओळख. पाऊस मात्र असा, की जून ते सप्टेंबर कपडे चुलीच्या उबेवर वाळवावे लागतात. बेळगावची मंडळी रविवारी मोटारी घेऊन तोच पाऊस पाहायला येतात, भाजलेले कणीस खातात, धुक्याचे फोटो काढतात आणि अंधार पडायच्या आत परततात. ज्याच्याकडे जे नाही ते पाहायला तो पैसे मोजतो, हा व्यवहार आमच्या दारातच चालतो. त्यामुळे बेटावर पैसे मोजून जाणाऱ्यांना खुळे ठरवायची घाई मी तरी केली नाही.

माझा थोरला भाऊ गोव्यात एका बड्या हॉटेलात हाऊसकीपिंगला आहे. नऊ वर्षे झाली. दिवसाला चौदा-पंधरा खोल्या आवरतो. टॉवेलचा हंस करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. घरी आला की आईच्या पंचाचाही करून दाखवतो. त्याचे लग्न मार्गशीर्षात ठरले होते. नऊ वर्षांत त्याने तीन लाख चाळीस हजार रुपये साठवले होते. दिवाळीला आला तो खिशात एका प्रवासी कंपनीचा कागद घेऊनच. चार रात्री, पाण्यावर खांब रोवून बांधलेली खोली, दोन वेळचे जेवण, दोघांचे मिळून दोन लाख ऐंशी हजार 'पासून'. (या 'पासून' शब्दावर एक स्वतंत्र निबंध होऊ शकेल.)

आप्पांनी कागद पाहिला आणि छपराकडे पाहिले. बोलले काही नाहीत. आमच्या घराचे वासे आणि रिपा कुजल्या आहेत. दर वर्षी शाकारणी करतो, पण आता नुसती कौले फिरवून भागणार नाही. सुताराने लाकूड, कौले आणि मजुरी धरून एक लाख साठ हजार सांगितले होते. तेही पावसाच्या आत, म्हणजे मे संपायच्या आधी. पैसे दादाचे होते, छप्पर सगळ्यांचे. दादा मला म्हणाला, "तू कॉस्टिंग शिकतोस ना? मग सांग, हे परवडतं का. आणि आप्पांकडं बघून सांगू नकोस, कागदाकडं बघून सांग."

तेव्हा मी कागदाकडे पाहिले. कंपनीकडून फोड मागवली. बेंगळूरहून मालेपर्यंत दोघांचे विमानभाडे छप्पन्न हजार. मालेहून बेटावर नेणाऱ्या, पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाचे जाऊन-येऊन चौऱ्याऐंशी हजार. उरले एक लाख चाळीस हजार. म्हणजे खोली आणि जेवण रात्रीला पस्तीस हजार. बरोबर निम्मे पैसे पलंगावर पाठ टेकायच्या आधीच संपले.

हे असे का होते, ते तिथल्या धंद्याच्या घडणीत आहे. मालदीवमध्ये पहिले रिसॉर्ट १९७२ साली कुरुंबा बेटावर सुरू झाले. पुढे धोरण असे पडले, की जिथे वस्ती नाही असे एकेक बेट एकेका रिसॉर्टला द्यायचे. म्हणजे बेटावर गाव नाही, बाजार नाही, विहिरीचा भरवसा नाही. पिण्याचे पाणी समुद्राचे खारेपण काढून करायचे, वीज बहुतेक ठिकाणी डिझेलवर, भाजी, तांदूळ, अंडी बोटीने आणायची. नोकरांनाही बेटावरच ठेवायचे, जेवू घालायचे. पाहुणा एकही आला नाही तरी हे सगळे चालूच. आमच्या पुस्तकात याला स्थिर खर्च म्हणतात, आणि तो शेवटी पाहुण्याच्याच बिलावर बसतो. त्यात दुकान एकच, स्वयंपाकघर एकच. मक्तेदारीचे इतके शुद्ध उदाहरण पुस्तकातही सापडत नाही.

'दुबारी' सुरू होते ते इथे. 'दोन वेळचे जेवण' म्हणजे सकाळचा नाश्ता आणि रात्रीचे जेवण. दुपारचे काय? दुपारी बेटावरच्या त्याच स्वयंपाकघरात विकत घ्यायचे. तिथल्या भावपत्रकावर आकड्यापुढे दोन अधिकचिन्हे असतात. एक दहा टक्के सेवाशुल्काचे, दुसरे सरकारी पर्यटन कराचे. हा कर १ जुलै २०२५ पासून सतरा टक्के झाला आहे आणि तो सेवाशुल्क धरून आलेल्या रकमेवर लागतो. म्हणजे शंभराच्या ताटाचे एकशे अठ्ठावीस रुपये सत्तर पैसे. शिवाय रिसॉर्टमधल्या पाहुण्याला माणशी दर रात्री बारा डॉलर हरित कर. १ जानेवारी २०२५ च्या आधी तो सहा डॉलर होता. दोघांचे चार रात्रींचे शहाण्णव डॉलर झाले. पाण्यावर उतरणारे विमान फक्त उजेडात उडते, म्हणून बेंगळूरचे विमान उशिरा उतरले तर एक रात्र मालेतच काढायची. हे सारे धरून मी आकडा मांडला: तीन लाख वीस हजार. शिल्लक वीस हजार. वीस हजारांत छप्पर होत नाही.

इथेच 'परवडत नाही' असे लिहून वही मिटता आली असती. पण दादाने विचारले होते ते हे नव्हते. परवडणे आणि त्या किमतीचे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छप्पर नसते कुजले, तरी हे तीन लाख वीस हजार वसूल झाले असते का?

मी त्याला विचारले, "तुला तिथं नेमकं काय पाहिजे? समुद्र तर रोज बघतोस."

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बेट नको रे मला. नऊ वर्षं दारावर टकटक करून 'हाऊसकीपिंग' म्हणतोय. एकदा कुणीतरी माझ्या दारावर टकटक करावी, आणि मी आतून म्हणावं, नंतर या."

गोव्यात हे होणे शक्य नव्हते. तिथल्या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात. कुठल्याही हॉटेलात गेला तरी ट्रे घेऊन येणारा ओळखीचा निघणार आणि हा उठून त्याला हात लावणार. लांबच जायला हवे होते. ही मागणी मला हिशेबात धरण्याजोगी वाटली. छपराइतकीच.

आता खरा प्रश्न असा, की 'नंतर या' म्हणण्यातले सुख किती रात्री टिकते? पदवीच्या पहिल्या वर्षी घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धान्त शिकलो. पहिल्या आंब्याची गोडी चौथ्याला नसते. पहिल्या सकाळी तो चादरीचे कोपरे तपासणार, न्हाणीघरातल्या बाटल्या मोजणार, दारावरच्या टकटकीला उत्तर देणार. दुसऱ्या दिवशी थोडे कमी. चौथ्या दिवशी, मी त्याला ओळखतो, तो स्वतःच पलंग आवरून ठेवील. मग दोनच रात्री का जाऊ नये? इथे बेटाचा स्थिर खर्च आडवा येतो. एक लाख चाळीस हजारांचा प्रवास दोन रात्रींवर वाटला तर रात्र एक लाख पाच हजारांना पडते. चार रात्रींवर वाटला तर सत्तर हजारांना. म्हणून माणूस म्हणतो, एवढे लांब आलोच आहोत तर राहू चार रात्री. सरासरी खाली आणण्यासाठी तो ज्यांची गोडी उतरली आहे अशा रात्री विकत घेतो. त्याही पस्तीस-पस्तीस हजारांना! बेटावर रिसॉर्टखेरीज दुसरे काही नसल्यामुळे प्रवासाचा सगळा भार त्या एका सुखालाच वाहावा लागतो. मला तरी हाच त्या किमतीतला मोठा दोष वाटतो. ज्याला पोहता येते, पाण्याखाली उतरून प्रवाळ पाहायचे आहेत, त्याला चौथा दिवसही पहिल्यासारखाच असेल. त्याचा हिशेब वेगळा.

पोहण्यावरून आठवले. होणाऱ्या वहिनीला कोणी विचारलेच नव्हते. ती जांबोटीची. फोनवर तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "त्यांना पोहायला येत नाही, मला येत नाही. मग खोली पाण्यावर कशाला?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. पुढे म्हणाली, "आणि जायचं कधी? डिसेंबरात त्यांना रजा देतंय कोण?"

ही बाजू माझ्याही वहीत लिहायची होती. गोव्याचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च. लग्नालाच कशीबशी सहा दिवस रजा मिळाली होती. हंगामात आणखी घेतली तर पगार कापला जाणार आणि बक्षिशीही बुडणार. पावसाळ्यात रजा मिळते, आणि तेव्हा मालदीवही स्वस्त असते. स्वस्त असते कारण तिथेही तेव्हा पाऊसच असतो. कणकुंबीच्या माणसाने परकीय चलन मोजून पाऊस पाहायला जावे, हे आईला सांगायची माझी छाती झाली नाही.

मग पर्याय पाहिले. मालदीवमध्येच माफुशीसारख्या वस्तीच्या बेटांवर साधी अतिथिगृहे आहेत, आणि तिथे मालेहून बोट जाते. पण दादाला हवे ते बडे दार तिथे नाही. लक्षद्वीपचा विचार केला. तिथल्या बंगारम बेटावर १९८८ पासून कितीतरी वर्षे एक नावाजलेले रिसॉर्ट चालत होते, आणि २०२३ च्या जानेवारीत सुहेली व कदमत बेटांवर बड्या हॉटेलांचे करार जाहीर झाले. पण तिथे जायला परवाना लागतो आणि विमाने मोजकी. दादाच्या मोजलेल्या रजेत ते जमवणे कठीण दिसले. राहिले अंदमान. बेंगळूरहून विमान, डॉलरचे काम नाही, आणि पोर्ट ब्लेअरला (२०२४ पासून त्याचे नाव श्री विजयपुरम) उतरून बोटीने हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला जाता येते. तिथे दाट झाडीत एक महागडे रिसॉर्ट आहे. एप्रिलमध्ये रात्रीचे तीस हजार सांगितले. साडेसात हजारांवरच्या खोलीला अठरा टक्के जीएसटी, म्हणजे पस्तीस हजार चारशे.

रात्र मालदीवच्याच भावाची आहे, हे दादाने लगेच दाखवून दिले. खरे आहे. पण इथे दोनच रात्री घेता येतात. दोन रात्रींचे सत्तर हजार आठशे, विमानाचे चव्वेचाळीस हजार, आणि उरलेल्या चार रात्री साध्या खोलीत राहून, बोटभाडे नि जेवणखाण धरून छत्तीस हजार. एकूण एक लाख पन्नास हजार आठशे. प्रवासाचा भार इथे एकट्या रिसॉर्टवर पडत नाही. राधानगरचा किनारा, जंगल, तुरुंग, सगळ्यांवर वाटला जातो. त्यात छपराचे एक लाख साठ हजार मिळवले तरी तीन लाख दहा हजार आठशे. शिल्लक एकोणतीस हजार दोनशे. मी बेरीज तीनदा केली.

दादाने वही बराच वेळ हातात धरली. "दोनच रात्री?" म्हणाला. मी म्हटले, दोनच. पाण्यावरची खोली त्याच्या डोळ्यांसमोरून जात होती हे दिसत होते, आणि हिशेबाने ती पुसता येत नाही हे मलाही कळत होते. मग त्याने विचारले, "त्या दोन रात्री पहिल्या घ्यायच्या की शेवटच्या?" त्यावर आमचा अर्धा तास वाद झाला. माझे म्हणणे पहिल्या, त्याचे शेवटच्या. "आधी साध्या खोलीत राहिलं की मग कळतं," असे तो म्हणाला, आणि या विषयातला अनुभव त्याचा असल्यामुळे मी माघार घेतली.

लग्न झाले. तिकिटे एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्याची काढली आहेत. सुतार त्याच आठवड्यात वासे उतरवणार आहे, म्हणजे ती दोघे तिकडे असतील तेव्हा आम्ही इकडे ताडपत्रीखाली झोपणार. आप्पांनी या सगळ्यावर अजून हो किंवा नाही म्हटलेले नाही. परवा फक्त एवढेच विचारले, की ते सावरकरांचे सेल्युलर जेल हे लोक पाहणार आहेत ना, आणि तिथे आत जायला तिकीट किती.