लोह्याजवळची गिट्टी

घरी जी नोंद आहे ती अशी : मी लोह्याजवळ पडलो. नांदेडहून लातूरकडे येताना रस्त्यावर सांडलेल्या गिट्टीवर गाडी घसरली आणि उजवं कॉलरबोन मोडलं. ही नोंद मीच फोनवर दिलेली.

प्रत्यक्षात मी तिथून आठ-नऊशे किलोमीटर लांब, चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या रेसट्रॅकवर पडलो होतो. ३.७ किलोमीटरचा ट्रॅक, १२ वळणं. मराठवाड्यात असलं काही नाही. आमच्याकडे शर्यत म्हणजे शंकरपट, आणि गाडी पळवायची तर राष्ट्रीय महामार्ग ३६१, जिथं उसाच्या ट्रॉल्या रात्री दिव्याशिवाय उभ्या असतात. ट्रॅकवर निदान सगळे एकाच दिशेने जातात, असं मी मित्रांना पटवायचो. नांदेडला इंजिनिअरिंग करताना हे वेड लागलं आणि सॉफ्टवेअरमधल्या नोकरीमुळे ते परवडायला लागलं. वर्क फ्रॉम होम होतं, मित्राची नांदेडची खोली होती. मी तिथंच बसून काम करतोय असं घरी वाटायचं.

पडण्याचं कारण साधं आहे. गाडी वळणात झुकलेली असते तेव्हा टायरची बरीचशी पकड वळण्यातच खर्ची पडत असते. एका लांबट उजव्या वळणात मला वाटलं, आपण फार जोरात आलो. घाबरून थ्रॉटल सोडला आणि पुढचा ब्रेक दाबला. सगळं वजन पुढच्या चाकावर आलं आणि त्या चाकाकडे द्यायला काही उरलं नव्हतं. चाक सरकलं, मी खांद्यावर आपटलो. त्याच वेगात बाकीचे आरामात निघून जात होते. म्हणजे वेगाने नाही, घाबरल्यामुळे पडलो. हे कळल्यावर जास्त लागलं.

हात गळ्यात बांधून हैदराबादमार्गे नांदेडला आलो. तिथं प्लेट आणि सहा स्क्रू बसले. आई एसटीने धावत आली, आठ दिवस मित्राच्या खोलीवर राहून दोघांना भाकरी करून घातली, आणि लातूरला परत गेल्यावर पहिलं काम काय केलं, तर पप्पांच्या स्प्लेंडरची किल्ली कपाटात ठेवली.

पप्पा चाकूरजवळच्या एका शाळेत शिकवतात. वीस वर्षं रोज लातूरहून त्याच महामार्गाने गाडीवर गेले. "तरणंताठं पोरगं पडलं गिट्टीवर, तुमचं काय घेऊन बसलाव?" यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे होतं, मी दिलं नाही. त्या दिवसापासून ते पहाटे उठून डबा घेऊन स्टँडवर जातात. मी आठवड्याआठवड्याने बरा होत गेलो आणि त्यांची गाडी अंगणात धूळ खात राहिली.

दहा महिन्यांनी मी परत ट्रॅकवर गेलो. मधल्या काळात पडून उठलेल्यांबद्दल पुष्कळ वाचलं. बेंगळुरूची ऐश्वर्या पिस्से २०१८मध्ये स्पेनमधल्या बाहा शर्यतीत पडली, स्वादुपिंडाला इजा झाली, आणि २०१९मध्ये तिने महिला गटात बाहा विश्वचषक जिंकला. अशा गोष्टींनी उभारी येते, पण शिल्लक राहिलेल्या तीन सुट्ट्यांत चेन्नईला जाऊन येणाऱ्या माणसाला त्यांचा फारसा उपयोग नसतो.

मला भीती वाटत नव्हती. खरंच. छातीत धडधड नाही, तोंड कोरडं नाही. संध्याकाळी सवयीने जीपीएसचा डेटा काढून जुन्या लॅपवर ठेवला. बाकी वळणांत रेषा जवळजवळ एकमेकींवर बसत होत्या. त्या एका वळणाआधी माझा वेग जुन्यापेक्षा चाळीस मीटर आधी पडत होता. प्रत्येक लॅपला. मला न विचारता हात परस्पर निर्णय घेत होता. कोडमध्ये असं सापडलं तर मी बग म्हणून नोंदवला असता. इथं लॉगच खरा होता आणि माझं म्हणणं खोटं.

दुसऱ्या दिवसअखेर चाळीसचे पंचवीस झाले. पुढच्या महिन्यातल्या शर्यतीसाठी नाव दिलं आणि परतताना नांदेडला न थांबता थेट लातूरला गेलो.

जेवताना सांगितलं. ट्रॅक, वळण, ब्रेक, सगळं. आईने ताटातला हात थांबवला.

"म्हंजे लोह्याजवळ गिट्टी नव्हतीच?"

"नव्हती."

ती बराच वेळ गप्प राहिली. मग, "मी आठ दिवस तिथं होते. तेव्हा बी नाही सांगितलास." एवढं म्हणून ताट घेऊन उठली. रात्री मी किल्लीचा विषय काढला तर म्हणाली, "गिट्टी नव्हती, ट्रॉल्या तर हैत ना." शर्यत कधी आहे ते विचारलं. तारीख सांगितली. कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहिते, तिथं त्या चौकटीत तिने नुसतं 'चेन्नई' लिहिलं. माझ्याशी त्यावर बोलली नाही.

सकाळी पप्पांना सोडायला स्टँडपर्यंत चालत गेलो. अर्धा रस्ता दोघंही गप्प. मग त्यांनी विचारलं, "त्या वळणावर आता किती आधी सोडतोस?"

"पंचवीस मीटर."

"मंजे भ्यायलास अजून."

"हो."

अहमदपूर गाडी लागली. त्यांनी डबा या हातातून त्या हातात घेतला आणि जागा धरायला पुढे झाले.