परकोटाच्या आतले गाव

अमरावतीच्या जवाहर दरवाजाच्या कमानीखालून दिवसभरात हजारो माणसे जातात; मान वर करून तिच्या दगडांकडे पाहणारा विरळा. परकोटाच्या आतील जुन्या पेढ्यांत मात्र असा एखादा वडीलधारा गृहस्थ अजून भेटतो. घरचे त्यांना बाबूजी म्हणतात. अशा बाबूजींची परंपरा वऱ्हाडात जुनी आहे. कोणी रुई-सरकीच्या व्यापारातले, कोणी कापडाचे, कोणी अडतीचे. शिक्षण बेताचे, पण गावाच्या इतिहासाचा नाद जन्माचा. पाहुणा दुसऱ्या दिवशीही राहिला, तर सकाळी देवदर्शन आटोपल्यावर त्याला परकोटाची फेरी चुकत नाही. नातवंडांना तर ती सुटीत सक्तीचीच असते.

फेरीचा आरंभ भिंतीपासून व्हावा, हे योग्यच आहे. कारण ही भिंत व्यापाऱ्यासाठी उभी राहिली. पेंढाऱ्यांच्या धाडींपासून येथील सधन सावकार-व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून निजामाच्या सरकारने १८०७ साली परकोटाचे काम हाती घेतले. घेर सुमारे सव्वादोन मैल, उंची वीस ते सव्वीस फूट, पाच दरवाजे आणि चार खिडक्या. खिडकी म्हणजे येथे घराची खिडकी नव्हे, तर तटातील लहान दरवाजा. पटेल, माता, छत्रपुरी आणि खुनारी ही त्यांची नावे. यांपैकी खुनारी खिडकीपाशी मुले हटकून थबकतात. १८१८ साली तेथे सातशे माणसे मारली गेली आणि त्यावरून हे नाव पडले, असे सांगतात. बाबूजी हे सांगताना ‘सांगतात’ हा शब्द कधी गाळत नाहीत. जमाखर्च लिहिणाऱ्या माणसाला ऐकीव रक्कम आणि मोजलेली रक्कम यांतील अंतर ठाऊक असते.

पुढे कापसाची गोष्ट निघते आणि तेथे पाऊल रेंगाळते. रेल्वे येण्यापूर्वी, १८४२ साली, येथील एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर लादून कापूस खुष्कीच्या मार्गाने कलकत्त्याकडे रवाना केला, अशी नोंद केली जाते. शाळेतील मूल या आकड्याने चकित होऊन पुढे जाते; व्यापाऱ्याच्या घरातील वडील तेथेच थांबतात. एवढ्या बैलांना वाटेत चारापाणी कोणी पुरवले? पावसाने माल भिजला तर नुकसान कोणाच्या खाती? हुंडी कोणत्या गावी वटली? उत्तरे हाती नाहीत. पण इतिहासाला असे प्रश्न विचारावेत, हे मुलांना पुस्तकाआधी बाबूजींकडून कळते. राजांच्या लढायांपेक्षा मालाच्या वाटेवरून त्यांना गाव अधिक चांगले समजलेले असते. आदिनाथ भगवंतांच्या येथील संगमरवरी प्रतिमेच्या पादपीठावर १०९७ हे साल कोरलेले असल्याचे सांगितले जाते, त्याचाही उल्लेख होतो. तो सांगताना मात्र आवाज थोडा खाली येतो.

वऱ्हाडातील व्यापारी घरांची सोयरीक एका गावापुरती नसते. लग्नकार्यानिमित्त अकोल्याला जाणे होते आणि मांडवातून तासभर सवड काढून बाबूजी मुलांना मोर्णाकाठी असदगडाकडे नेतात. औरंगजेबाचा वजीर असदखान याच्या नावावरून या किल्ल्याचे नाव पडले. नक्षीकाम जवळजवळ नाहीच. पाहण्यासारखे आहेत ते शिलालेख. दहीहांडा वेशीवरील लेखाप्रमाणे बांधकाम १६९७ चे ठरते. अगरवेशीवरील मराठी लेख मात्र किल्ला गोविंद आप्पाजींनी १८४३ मध्ये बांधल्याचे सांगतो. एकाच किल्ल्याची दोन वेशींवर दोन सालं! दुसरा लेख डागडुजीचा असावा, असे मनात येते. परंतु दगडावर तसे लिहिलेले नाही. मुलांनी विचारले, “बाबूजी, मग खरे कोणते?” तर उत्तर मिळते, “दोन्ही लिहून घ्या.”

परतताना मूर्तिजापूरला वाट वाकडी करून कारंजा लाड गाठले जाते. पूर्वी हा प्रवास शकुंतलेच्या अरुंद रुळांवरून होई. आता तो रस्त्याने होतो. जैन वाचकाला कारंज्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही परंपरांच्या भट्टारकपीठांचे हे गाव. येथील मंदिरांच्या भांडारांत हस्तलिखिते शतकानुशतके वेष्टनांत बांधून ठेवलेली होती. ती सांभाळणाऱ्या बहुतेक श्रावकांना त्यांतील अपभ्रंश भाषा वाचता येत नव्हती. तरी त्यांनी पोथ्यांना ऊन दाखवले, वाळवीपासून जपले आणि वेष्टने बदलली. रायबहादूर हिरालाल यांच्या १९२६ च्या हस्तलिखित-सूचीमुळे या संग्रहाकडे विद्वानांचे लक्ष वेधले गेले. पुढे अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील संस्कृतचे प्राध्यापक डॉ. हीरालाल जैन यांनी पुष्पदंतांचे ‘णायकुमारचरिउ’ १९३३ मध्ये आणि मुनी कनकामरांचे ‘करकंडचरिउ’ १९३४ मध्ये संपादून प्रकाशात आणले. याच प्राध्यापकांच्या संपादनाखाली षट्खंडागमाच्या धवला टीकेचा पहिला भाग १९३९ मध्ये अमरावतीहूनच प्रसिद्ध झाला. वाचणारा येईपर्यंत न वाचणाऱ्यांनी पोथी राखली होती.

कारंज्याच्या भांडारासमोर हे सारे सांगून झाले की बाबूजी घरच्या गोष्टीवर येतात आणि प्रवासात प्रथमच त्यांच्या बोलण्याला धार चढते. परकोटातील वाडे एकामागून एक विकले जात आहेत. मुले पुण्याला, बंगळुरूला, परदेशी स्थिरावली. वाडा रिकामा करताना माळ्यावरचे जुने रोजमेळ आणि खतावण्या रद्दीच्या भावाने जातात, कारण मोडी किंवा महाजनी लिपी घरात कोणालाच येत नाही. कोणत्या वर्षी कापूस काय भावाने उतरला, दुष्काळात कोणाचे येणे सोडून दिले, धर्मादाय खाती किती रक्कम पडली, हे त्या वह्यांखेरीज कोठेही लिहिलेले नाही. मुलांचे म्हणणेही अगदीच खोटे नसते; पुण्याच्या दोन खोल्यांत शंभर वर्षांच्या वह्या ठेवायच्या कोठे?

यावर अनेक घरांत वाद होतो, कधी अबोलाही होतो. काही घरांत मधली वाट निघते. बाबूजी वहीवरचा लाल कपडा सोडून एकेक पान उजेडात धरतात, नात मोबाईलवर त्याचे छायाचित्र घेते आणि खाली साल लिहिते. साल लागले नाही तर जागा कोरी ठेवायची, अशी बाबूजींची ताकीद असते. दिवाळीला, वीर निर्वाण संवत पालटते त्या वेळी, नव्या वहीचे पूजन होते आणि जुनी वही पुन्हा कपड्यात बांधून माळ्यावर चढते. गाठ मात्र सैल मारलेली असते.